दर हंगामात एसव्हीएमचं ट्रेनिंग अडकतं: कारण कसं शोधायचं आणि कायमचा इलाज कोणता

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "मागच्या वर्षी हाच कोड तासाभरात संपत होता. या वर्षी रात्रभर लावून ठेवला तरी संपत नाही. एररही येत नाही, नुसतं फिरत बसतं." सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याच्या फोटोंवरून प्रत ठरवायचे प्रयोग करणाऱ्या मुलांकडून ती फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हमखास येते. द्राक्षं तेव्हाच शेडवर वाळतात, नवा बेदाणा तेव्हाच हाती येतो, नवे फोटो तेव्हाच निघतात. मग जुन्या डेटात नवा डेटा घालायचा आणि सपोर्ट व्हेक्टर मशीन, म्हणजे एसव्हीएम, पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. गाडी रुतते ती इथे.

कोड तोच, लॅपटॉप तोच, मग बदललं काय? फक्त ओळींची संख्या. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं एसव्हीसी (एसव्हीएमने वर्गीकरण करणारा भाग) आतून लिबएसव्हीएम नावाचं सॉफ्टवेअर वापरतं, आणि त्याला लागणारा वेळ नमुन्यांच्या संख्येच्या वर्गापासून घनापर्यंत कुठल्यातरी प्रमाणात वाढतो. डेटा दुप्पट झाला की वेळ चौपट ते आठपट. रॅम वाढवली किंवा नवीन मशीन आणलं तर तेवढा हंगाम निभावतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं. कायमची सुटका हवी असेल तर डेटाच्या जोडीने सरळ प्रमाणात वाढणारी पद्धत निवडायला हवी. ती शेवटी सांगतो. त्याआधी सध्याचं ट्रेनिंग का रखडलंय हे नीट तपासा, कारण निम्म्या वेळा पद्धत न बदलताच काम भागतं.

खरंच अडकलंय का, हे आधी बघा

एसव्हीसीला व्हर्बोज (काम चालू असताना लॉग छापायचा पर्याय) चालू करून द्या आणि प्रोग्राम नोटबुकमधून न चालवता सरळ टर्मिनलमधून चालवा. लिबएसव्हीएमचा लॉग सी भाषेच्या थरातून छापला जातो, त्यामुळे नोटबुकमध्ये तो बरेचदा दिसतच नाही आणि माणूस उगाच घाबरतो. टर्मिनलवर ठिपके पडताना दिसतील. साधारण दर १,००० पायऱ्यांना एक ठिपका पडतो. ठिपके पडत असतील तर काम चालू आहे, फक्त हळू आहे. ठिपके मिनिट-मिनिट पडत नसतील, प्रोसेसरचा वापर खाली गेलेला असेल आणि डिस्क मात्र धडधडत असेल, तर रॅम संपून मशीन डिस्कवर लिहायला लागलंय. तो वेगळा आजार आहे, त्याचं खाली बघू.

दुसरी तपासणी मला सर्वांत आवडते, कारण ती पाच-दहा मिनिटांत होते आणि अंदाजाचा प्रश्नच ठेवत नाही. डेटातून यादृच्छिकपणे २,००० ओळी घ्या, वेळ मोजा. मग ४,०००, मग ८,०००. प्रत्येक दुपटीला वेळ कितीपट झाला ते बघा. चौपट झाला तर वाढ वर्गाची. तुमच्याकडे ४०,००० ओळी असतील तर त्या ८,००० च्या पाचपट, म्हणजे वेळ किमान २५ पट लागणार. आठ हजारांना चार मिनिटं लागली असतील तर पूर्ण डेटाला पावणेदोन तास धरून चाला. वाढ घनाच्या जवळ असेल तर हाच आकडा सव्वाशे पटीवर जातो, आणि मग रात्रभर का संपलं नाही ते आपोआप कळतं.

ट्रेनिंग संपल्यावर लॉगच्या शेवटी दोन आकडे येतात: एकूण सपोर्ट व्हेक्टर (सीमा ठरवणारे नमुने) किती, आणि त्यातले मर्यादेला टेकलेले, म्हणजे ज्यांचं वजन कमाल मर्यादेवर पोचलंय ते, किती. लॉगमध्ये ते एन-एसव्ही आणि एन-बीएसव्ही या नावांनी छापतात. ते लिहून ठेवा. पुढच्या निदानाची किल्ली तिथे आहे.

वेळ नक्की कुठे जातो

एसव्हीएम शिकवणं म्हणजे एक क्वाड्रॅटिक प्रोग्रॅमिंगचं गणित सोडवणं. प्रत्येक नमुन्याला एक अल्फा असतो, म्हणजे त्याचं वजन, शून्य ते सी यांच्या दरम्यानचं. सी हा चुकांना किती कडक वागायचं ते ठरवणारा आपण दिलेला आकडा. आणि प्रत्येक नमुन्याची प्रत्येक नमुन्याशी तुलना करणारा कर्नलचा (दोन नमुने किती सारखे ते सांगणाऱ्या सूत्राचा) तक्ता लागतो. समजा दोनच वर्ग आहेत, चालणारा माल आणि निवडून बाजूला काढायचा माल, आणि ओळी ४०,०००. तक्त्यात १६० कोटी आकडे झाले. लिबएसव्हीएम ते चार-चार बाइटमध्ये ठेवतं, तरी ६.४ जीबी. एवढा तक्ता कोणी एकदम मांडत नाही, लागेल तशा त्यातल्या ओळी काढल्या जातात आणि कॅशमध्ये ठेवल्या जातात. एसव्हीसीमध्ये या कॅशची ठरलेली मर्यादा २०० एमबी आहे. ४०,००० आकड्यांची एक ओळ १६० केबीची, म्हणजे कॅशमध्ये मावतात जेमतेम १,३०० ओळी. बाकीच्या ओळी लागल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. २०,००० नमुन्यांना एक ओळ निम्म्या आकाराची होती आणि ओळीही निम्म्याच होत्या, म्हणून कॅश पुरल्यासारखी वाटत होती. वर्गापेक्षाही वाईट वाढ दिसते ती बहुधा यामुळेच.

हे गणित तुकड्यांत सोडवायची कल्पना जुनी आहे. १९९७ मध्ये ओसुना, फ्रॉइंड आणि जिरोसी यांनी ते लहान लहान उपगणितांत फोडायची रीत मांडली. थॉर्स्टन योआखिम्स यांनी एसव्हीएम-लाइटमध्ये कॅश आणि श्रिंकिंग आणलं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जॉन प्लॅट यांनी ही कल्पना टोकाला नेली. त्यांच्या एसएमओ (सिक्वेन्शियल मिनिमल ऑप्टिमायझेशन) पद्धतीत एका वेळी फक्त दोनच अल्फा बदलतात. दोनच का, एक का नाही? कारण या गणितात एक अट आहे: अल्फांना वर्गाचं अधिक-उणे चिन्ह लावून केलेली बेरीज शून्यच राहिली पाहिजे. एकट्या अल्फाला हात लावला की अट मोडते. दोन घेतले की एक वाढवून दुसरा त्या हिशोबाने सरकवता येतो, आणि दोघांचं उत्तर सरळ सूत्राने निघतं, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे तीच निर्णायक ठरते.

प्लॅट यांच्या मूळ पद्धतीत एक ढिसाळपणा होता. कुठला नमुना अजून जागेवर बसलेला नाही हे ठरवायला एकच उंबरठा वापरला जायचा, आणि तो चुकला की उत्तराजवळ पोचूनही पद्धत घुटमळत राहायची. २००१ मध्ये एस. एस. कीर्ती, एस. के. शेवडे, सी. भट्टाचार्य आणि के. आर. के. मूर्ती यांनी दोन उंबरठे ठेवून हा दोष काढला. त्यामुळे सर्वांत जास्त नियम मोडणारी जोडी थेट हाती येऊ लागली आणि कधी थांबायचं तेही नेमकं कळू लागलं. दोन उंबरठ्यांतलं अंतर टोलपेक्षा, म्हणजे आपण ठरवलेल्या सवलतीपेक्षा, कमी झालं की थांबा, एवढं स्वच्छ. २००५ मध्ये तैवानच्या फॅन, चेन आणि लिन यांनी जोडी निवडताना वक्रतेचाही हिशोब धरला, आणि लिबएसव्हीएम आजही त्याच निवडीवर चालतं.

श्रिंकिंगबद्दल थोडं. निवडीच्या पट्ट्यावर बायका उघड चांगला आणि उघड काळा माल पहिल्या नजरेत सोडून देतात आणि शंकेच्या मण्यांवरच हात थांबवतात, तसं हे आहे: ज्यांचा अल्फा शून्यावर किंवा सीवर पक्का बसलाय ते नमुने तात्पुरते हिशोबातून बाहेर. हे ठरलेल्या सेटिंगमध्ये चालूच असतं. फार सैल टोल ठेवला असेल तर कधी कधी ते बंद करणं फायद्याचं ठरतं, आणि लिबएसव्हीएम स्वतः तशी सूचना छापतं. सूचना दिसली तरच बंद करा.

पद्धत न बदलता होणाऱ्या दुरुस्त्या

पहिला संशय कायम स्केलिंगवर, म्हणजे सगळे स्तंभ एका मापात आणण्यावर, घ्यायचा. बेदाण्याच्या मण्याचं क्षेत्रफळ पिक्सेलमध्ये हजारांत, रंगाचा आकडा ० ते २५५, लांबी-रुंदीचं गुणोत्तर एक-दोनच्या आसपास. हे तसंच आत सोडलं तर आरबीएफ कर्नलला (वाकडी सीमा काढू शकणाऱ्या कर्नलला) फक्त क्षेत्रफळ दिसतं, रंग दिसतच नाही. प्रत ठरते मुख्यतः रंगावर! साध्या लिनिअर कर्नलमध्ये तर स्केलिंगशिवाय पायऱ्यांची संख्या इतकी वाढते की ठिपके थांबायचं नाव घेत नाहीत. स्टँडर्डस्केलर पाइपलाइनमध्ये घाला, म्हणजे सरासरी आणि विचरण (आकडे किती पसरलेत ते) फक्त ट्रेनिंगच्या भागावरून काढलं जाईल. आणि हंगाम बदलला की स्केलरही नव्याने शिकवा. नवा कॅमेरा, शेडऐवजी गोदामातला उजेड, एवढ्यानेही रंगाच्या स्तंभाची सरासरी सरकते.

मग प्रॉबॅबिलिटीचा, म्हणजे निकालासोबत शक्यतेची टक्केवारी देणारा, पर्याय बघा. तो चालू असेल तर आतल्या आत पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन (आळीपाळीने एक भाग बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकवणं) चालतं, म्हणजे एका ट्रेनिंगच्या जागी सहा. कित्येक प्रोजेक्टमध्ये तो कुणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेला असतो आणि त्या टक्केवारीचा पुढे काहीच उपयोग केलेला नसतो. नुसता क्रम लावायचा असेल, कुठला मणी जास्त संशयास्पद ते हवं असेल, तर डिसिजन फंक्शनचा आकडा (नमुना सीमेच्या कुठल्या बाजूला किती दूर आहे तो) पुरतो. खरोखर शक्यता हवी असेल तर मॉडेल पक्कं झाल्यावर एकदाच वेगळं कॅलिब्रेशन करा.

ग्रिडसर्चचा (किमतींच्या सगळ्या जोड्या करून बघण्याचा) गुणाकार करून बघा. सीच्या पाच किमती, गॅमाच्या (आरबीएफमध्ये एका नमुन्याचा प्रभाव किती जवळपुरता राहतो ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) पाच, पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन: १२५ ट्रेनिंग, आणि शेवटचं एक. प्रॉबॅबिलिटी चालू असेल तर याला पुन्हा सहाने गुणा. एवढं सगळं पूर्ण डेटावर करायची गरज नसते. चार-पाच हजार ओळींच्या नमुन्यावर शोध घ्या, चांगला पट्टा सापडला की पूर्ण डेटावर त्यातल्या दोन-तीनच जोड्या तपासा. गॅमा लहान नमुन्यावरून बऱ्यापैकी विश्वासाने उचलता येतो, सी मात्र थोडा हलवून बघावा लागतो.

रॅम संपण्याचा आजारही ग्रिडसर्चमधूनच येतो. एसव्हीसी स्वतः एकाच कोअरवर चालतं, म्हणून लोक ग्रिडसर्चला सगळे कोअर देतात. ते बरोबरच आहे. पण कॅश प्रत्येक प्रक्रियेला वेगळी लागते. कॅश २,००० एमबी आणि आठ प्रक्रिया म्हणजे १६ जीबी, तीही नुसत्या कॅशला. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे गुडघे टेकणारच. शोध घेताना कॅश लहान आणि कोअर जास्त, शेवटच्या एकट्या ट्रेनिंगला कॅश मोठी, असा वाटा ठेवा.

सी आणि गॅमा. एक लाख, दहा लाख असला सी कुणी ठेवला असेल तर आधी तो खाली आणा. मोठा सी म्हणजे एकही नमुना चुकू नये असा हट्ट, आणि तो पुरवायला पायऱ्या प्रचंड लागतात. गॅमा फार मोठा असेल तर प्रत्येक नमुना स्वतःपुरतं बेट होतो आणि जवळपास सगळेच सपोर्ट व्हेक्टर बनतात. जुन्या कोडमध्ये गॅमा ऑटो लिहिलेला सापडेल. आवृत्ती ०.२२ पासून ठरलेली किंमत स्केल आहे, जी स्तंभांच्या संख्येबरोबर विचरणही धरते. स्केलिंग केलेलं असेल तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही, नसेल तर जमीन-अस्मानाचा पडतो.

लेबलं मळकी असतील तर ट्रेनिंगही हळूच होणार

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या डेटात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आता ते लिहून ठेवलेले दोन आकडे काढा. एकूण सपोर्ट व्हेक्टर खूप आणि मर्यादेला टेकलेलेही जवळजवळ तितकेच, असं असेल तर दोन वर्ग एकमेकांत मिसळलेले आहेत. सपोर्ट व्हेक्टर खूप, पण टेकलेले कमी, आणि सी १ पेक्षा बराच मोठा आहे, तर संशय गॅमावर घ्या.

मिसळलेल्या वर्गांबद्दल एक पक्का निकाल आहे. इंगो स्टाइनवार्ट यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की एसव्हीएममध्ये सपोर्ट व्हेक्टरांची संख्या नमुन्यांच्या प्रमाणात वाढतच जाते, आणि नेहमीच्या हिंज लॉसमध्ये (चूक मोजायच्या सूत्रात) डेटा वाढत गेला की ते प्रमाण अटळ चुकीच्या किमान दुपटीकडे जातं. अटळ चूक म्हणजे कितीही हुशार वर्गीकारक आणला तरी न टळणारी, डेटाच्या स्वभावातली चूक. समजा लेबलंच अशी आहेत की उत्तमात उत्तम नियमही दहा टक्के मण्यांच्या बाबतीत चुकतो. मग ४०,००० मध्ये किमान ८,००० सपोर्ट व्हेक्टर धरूनच चाला. या चुकीच्या बाजूला पडलेल्या प्रत्येक नमुन्याचा अल्फा शून्यापासून सीपर्यंत चढवत न्यावा लागतो, आणि सी जितका मोठा तितकी ती चढण लांब.

बेदाण्यात हा मिसळा होतो कसा, ते बाजारात दहा मिनिटं उभं राहिलं तरी समजतं. हिरवा आणि पिवळा यांच्या मधला माल भरपूर असतो. एक अनुभवी माणूस तो हिरव्यात टाकतो, दुसरा तितकाच अनुभवी माणूस पिवळ्यात. दोघांचंही चुकत नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक वेगळं असतं. गंधकाची धुरी दिल्यानंतरचा फोटो आणि आधीचा फोटो यांत त्याच मण्याचा रंग निराळा येतो. पिवळ्या बल्बखाली काढलेला हिरवा माल पिवळाच दिसतो. दोन हंगामांत लेबलं लावणारी माणसं वेगळी असली की दोन्ही वर्षांचा डेटा एकत्र करताच मिसळा एकदम वाढतो, आणि मग नुसत्या ओळी दुप्पट झाल्या म्हणून जेवढा उशीर व्हायला हवा त्याहून कितीतरी जास्त होतो. "डेटा तर फक्त दीडपट झाला, वेळ दहापट कसा?" या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

इलाज असा. चार-पाच हजारांच्या नमुन्यावर क्रॉस-व्हॅलिडेशन करा आणि प्रत्येक नमुन्यासाठी तो ट्रेनिंगमध्ये नसतानाचा डिसिजन फंक्शनचा आकडा काढा. ज्यांचा आकडा लेबलच्या अगदी उलट बाजूला खोलवर गेलाय ते फोटो वेगळे काढा. हे फोटो कोडिंग करणाऱ्याने एकट्याने बघू नयेत. माल ओळखणाऱ्या माणसाला, लेबल झाकून, पुन्हा दाखवा. उघड चुकलेली लेबलं दुरुस्त होतील. ज्यांच्यावर दोन जाणकारांचं एकमत होत नाही त्यांना सॅम्पल वेट (नमुन्याचं महत्त्व) कमी द्या. एसव्हीसीमध्ये वेटने त्या नमुन्याचा सी गुणला जातो, म्हणजे वादातल्या नमुन्यांची चढण आपोआप आखूड होते. फोटो काढताना चौकटीच्या कडेला राखाडी कार्ड ठेवायची सवय लावली तर उजेडाचा घोळ मुळातच कमी होतो.

एकाच ताटाचे लागोपाठ काढलेले पंधरा-वीस फोटोही तपासा. जवळजवळ सारख्या ओळी कर्नलच्या तक्त्यात जवळजवळ सारख्या रांगा निर्माण करतात आणि हाती नवीन काही लागत नाही. त्यातले दोन-तीन ठेवा. आणि भाग पाडताना एका ताटाचे सगळे फोटो एकाच भागात जातील असे पाडा, नाहीतर अचूकता फसवी दिसेल.

कर्नल खरंच लागतो का

आता पद्धत बदलण्याचा भाग. सर्वांत आधी हे तपासा की तुम्ही एसव्हीसीला कर्नल लिनिअर देऊन तर बसला नाहीत ना. ही चूक फार ठिकाणी दिसते. लिनिअरच हवं असेल तर लिबलिनिअरवर चालणारं लिनिअरएसव्हीसी वापरा. ओळींची संख्या मोठी असताना दोघांच्या वेळेत तास आणि सेकंद एवढा फरक पडू शकतो.

असं का होतं? लिनिअर मॉडेलमध्ये सगळ्या अल्फांचं सार एका वजनांच्या यादीत मावतं, जितके स्तंभ तितकेच आकडे. ६० स्तंभ असतील तर ६० आकडे. एका नमुन्याचा अल्फा किती बदलायचा हे ठरवायला फक्त त्या ६० आकड्यांशी गुणाकार करायचा, ४०,००० जणांच्या तक्त्यात डोकवायचंच नाही. आणि ती दोन-दोन अल्फांची अट आठवते? ती अट येते मॉडेलमधल्या सुट्या स्थिरांकामुळे. स्थिरांक वेगळा न ठेवता तो एक जादा स्तंभ म्हणून वजनांतच मिसळला की अट नाहीशी होते, आणि एका वेळी एकच अल्फा हलवता येतो. २००८ मध्ये आलेली ड्युअल कोऑर्डिनेट डिसेंट पद्धत म्हणजे हेच. तिच्या लेखकांत चिह-जेन लिन आहेत आणि एसएमओ सुधारणारे तेच कीर्तीही आहेत. मूळ अडथळा काय होता हे ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांच्याच हातून तो पुढे दूर झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याआधी २००६ मध्ये योआखिम्स यांनीही लिनिअर एसव्हीएम सरळ प्रमाणातल्या वेळेत शिकवता येतं हे कटिंग-प्लेन पद्धतीने दाखवलं होतं.

लिनिअरएसव्हीसीवर आलात की थोडे फरक दिसतील. त्यात ठरलेला लॉस हिंजचा वर्ग आहे, साधा हिंज नाही. स्थिरांक वजनांत मिसळल्यामुळे त्यालाही आवळलं जातं, म्हणून स्तंभांची सरासरी शून्यावर आणलेली असणं इथे जास्त महत्त्वाचं. तीन वर्ग असतील, हिरवा, पिवळा, काळा, तर एसव्हीसी दोन-दोनच्या जोड्या लावतं, लिनिअरएसव्हीसी एक विरुद्ध बाकीचे असं करतं. त्यामुळे निकाल तंतोतंत जुळले नाहीत तर बिचकू नका.

मॉडेल स्थिरावलं नाही, पायऱ्या वाढवा, असा इशारा आला तर लगेच मॅक्स-इटर वाढवू नका. आधी स्केलिंग, मग सी दहापट कमी करून बघणं. ओळी स्तंभांपेक्षा खूप जास्त असतील, जशा आपल्याकडे असतात, तर ड्युअल हा पर्याय बंद ठेवा. नव्या आवृत्त्यांत हे आपोआप ठरतं, जुन्या कोडमध्ये हाताने लिहावं लागतं. एवढं करूनही इशारा राहिला तरच पायऱ्या वाढवा.

लिनिअर आणि आरबीएफ यांची अचूकता लहान नमुन्यावर शेजारी-शेजारी मांडा. फरक किरकोळ असेल तर विषय संपला, लिनिअर घ्या. रंगाचे हिस्टोग्राम, पोताचे आकडे असे भरपूर स्तंभ काढलेले असतील तर फरक बरेचदा किरकोळच असतो.

वाकडी सीमा हवीच असेल तर

फरक ठळक असेल तर कर्नल सोडू नका, त्याची नक्कल करा. २००७ मध्ये अली रहिमी आणि बेन रेक्ट यांनी यादृच्छिक फूरिए स्तंभांची युक्ती मांडली: प्रत्येक नमुन्याचं काही शे नवीन स्तंभांत रूपांतर करायचं, असं की त्या स्तंभांतला साधा गुणाकार आरबीएफ कर्नलच्या जवळ जाईल. मग वर लिनिअर पद्धत चालवायची. नीस्ट्रोम ही दुसरी वाट. ती डेटातल्याच काही नमुन्यांना खुणेचे दगड मानून स्तंभ बनवते, आणि तेवढ्याच स्तंभांत सहसा जास्त जवळचं उत्तर देते. मी आधी नीस्ट्रोमच लावायला सांगतो.

हिशोब बघा. ४०,००० ओळी, ५०० नवे स्तंभ, प्रत्येक आकडा आठ बाइटचा: १६० एमबी. तक्त्याचे ते ६.४ जीबी कुठे आणि हे कुठे! पुढच्या हंगामात ओळी दुप्पट झाल्या तर हे ३२० एमबी होईल आणि वेळही दुपटीच्या आसपास राहील. ३०० स्तंभांपासून सुरुवात करा, ५००, १,००० असं वाढवत जा, बाजूला ठेवलेल्या डेटावरची अचूकता वाढायची थांबली की तिथेच थांबा.

इथे एक खड्डा आहे. सायकिट-लर्नमधल्या आरबीएफसॅम्पलरमध्ये गॅमाची ठरलेली किंमत १ आहे. तुमच्या स्केल केलेल्या ६० स्तंभांवर एसव्हीसी वापरत होतं साधारण ०.०१७. साठपट मोठा गॅमा पडला की अचूकता कोसळते आणि सगळा दोष बिचाऱ्या पद्धतीवर जातो. एसव्हीसीत चांगला ठरलेला गॅमा स्वतः लिहून द्या, नीस्ट्रोमलाही.

डेटा लाखांत गेला तर स्टोकॅस्टिक पद्धतीकडे वळा. २००७ मध्ये शालेव-श्वार्त्झ, सिंगर आणि स्रेब्रो यांनी मांडलेल्या पेगासॉसमध्ये एका वेळी एखाद-दुसरा नमुना उचलून वजनं सरकवतात, आणि ठरावीक अचूकतेला लागणाऱ्या पायऱ्या नमुन्यांच्या संख्येवर अवलंबून राहत नाहीत. एसजीडीक्लासिफायर त्याच कुळातला. त्यात सी नसतो, अल्फा असतो, आणि या अल्फाचा वरच्या अल्फांशी संबंध नाही. हिशोब असा: ओळींच्या संख्येला सीने गुणायचं आणि त्या गुणाकाराने एकाला भागायचं. सी १ आणि ओळी ४०,००० असतील तर ०.००००२५. ठरलेली किंमत ०.०००१ तशीच ठेवली तर तुम्ही नकळत सी पाव केलेला असतो. दर हंगामात ओळी वाढल्या की हा आकडाही बदलायला हवा. नवीन डेटा थोडा थोडा भरवायची सोय यात आहे, पण फक्त या वर्षीचाच माल भरवू नका. जुन्यातले नमुने मिसळून द्या, नाहीतर मॉडेल मागच्या वर्षीचा माल विसरायला लागतं.

जीपीयूवर चालणारं थंडरएसव्हीएम आहे, इंटेलचा सायकिट-लर्नसाठीचा वेगवान जोडही आहे. हाताशी सोय असेल तर जरूर वापरा, पण त्यांनी वेळ काही पटींनी कमी होतो, वाढीचा दर तोच राहतो.

आणि शिकवून झाल्यावर पट्ट्याशेजारच्या छोट्या बोर्डावर निकाल हळू येत असेल, तर पुन्हा सपोर्ट व्हेक्टरांची संख्या बघा. कर्नलच्या एसव्हीएमला प्रत्येक नव्या मण्यासाठी प्रत्येक सपोर्ट व्हेक्टरशी तुलना करावी लागते. ८,००० असतील तर मण्यामागे ८,००० तुलना. ५०० स्तंभांच्या नीस्ट्रोममध्ये खुणेच्या ५०० नमुन्यांशी तुलना, त्यांचं रूपांतर करणारा एक ठरावीक गुणाकार, आणि शेवटी ५०० वजनांची बेरीज. तो गुणाकार ५०० गुणिले ५०० चा आहे, त्यामुळे अगदी दुबळ्या बोर्डावर स्तंभ २०० पर्यंत उतरवून अचूकता किती घटते ते आधी बघून घ्या.